दोन किलोंवर अडकलेला काटा

मी वजनकाटा बोलतोय. माझ्यावर चढू नका, आज नुसतं ऐका. चढलात तरी उपयोग नाही म्हणा. ऐंशी किलोंचा माणूस उभा राहो नाहीतर मांजर येऊन बसो, माझा काटा दोनच किलो दाखवतो. त्या दोन किलोंची हकीकत मला सांगायची आहे आणि हाताशी वेळ थोडा आहे. मघाशी या घरच्या अण्णांनी मला पलंगाखालून ओढून काढलं आणि दाराशी आणून ठेवलं. जुने पेपर आणि भंगार घेणाऱ्याची हाक गल्लीच्या टोकाशी ऐकू येते आहे.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. पोटात चार स्प्रिंगा, पाठीवर काळं रबर, पुढे काचेची खिडकी आणि तिच्याखाली लाल काटा. ज्याने मला जुळवलं त्याने शेवटी माझ्यावर वीस किलोंचं माप ठेवलं. काटा नेमका विसावर थांबला. तो म्हणाला, "सरी." बरोबर आहे, एवढाच त्याचा अर्थ. पण त्या शब्दाने मी फुगून गेलो. जगात बरोबर असलेला मी एकटाच, अशा तोऱ्यात मी खोक्यात बसून बेंगळूरच्या चिकपेठेतल्या दुकानात आलो.

चौऱ्याण्णव सालच्या दिवाळीआधी तिथून मला दयानंदरावांनी घेतलं. बनशंकरीत राहणारा सरळमार्गी माणूस. घराणं मराठी, पण बेंगळूरात इतक्या पिढ्या गेल्या होत्या की घरातलं निम्मं बोलणं कानडी होऊन गेलं होतं. नोकरी कारखान्यात, तपासनीसाची. तयार झालेला भाग मोजायचा, माप जुळलं तर पास, नाही जुळलं तर त्यावर लाल रंगाचा ठिपका द्यायचा. वीस वर्षं हेच काम केल्यामुळे घरातही त्यांचा हात ठिपका द्यायला शिवशिवत असे. लेक त्यांना अण्णा म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणतो.

लेकीचं नाव भव्या. वय अकरा. शाळेत डॉक्टरांची तपासणी झाली होती आणि तिच्या कार्डावर लिहून आलं होतं, वजन शेहेचाळीस, वयाच्या मानाने जास्त. अण्णांनी तो आकडा वाचला आणि त्याच संध्याकाळी मला आणलं. कार्ड भिंतीवरच्या खिळ्याला टांगलं. त्याच खिळ्याला, कार्डाच्या वरून, स्वतः आखलेला तक्ता लावला. दर रविवारी सकाळी आठ वाजता वजन. कमी झालं तर निळी खूण, नाही झालं तर लाल ठिपका.

आता दुसरी बाजू सांगतो. भव्या तीन वर्षांची असताना विषमज्वराने अंथरुणाला खिळली होती. हाडांचा सापळा झाला होता पोरीचा. तेव्हा तिच्या आईने, अनुसूयाबाईंनी, देवीला तुलाभाराचा नवस बोलला होता. 'ही बारा वर्षांची होऊ दे, हिच्या वजनाइतका गूळ तुझ्यापुढे तोलीन.' जानेवारीत भव्याला बारा वर्षं पूर्ण होणार होती. त्यानंतरचा शुक्रवार ठरला होता. तराजूच्या एका पारड्यात लेक, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा.

अनुसूयाबाईंच्या मनाने घेतलं होतं की लेकीचं वजन जेवढं घटेल तेवढा देवीच्या वाट्याचा गूळ घटेल. आणि अण्णांच्या मनात दुसरंच. एकदा ते माझ्यासमोरच बायकोला म्हणाले, "चार लोकांत तिला तराजूत बसवायची, आणि ढेपांवर ढेपा चढत जायच्या. लोक तोंड दाबून हसतील, कळतंय का तुला? चाळीसच्या वर मी तिला देवळात नेणार नाही."

"नेणार नाही म्हणजे? देवीला काय सांगू मी?"

"चाळीस कर, मग सांग काय सांगायचं ते."

झालं. एका पोरीच्या ताटावर दोन हुकूम चालू झाले. सकाळी अण्णा समोर बसून अर्धी पोळी मोजून देत. ते कामाला गेले की शाळेच्या डब्यात आई तूपभात दडपून भरे. शाळा सुटल्यावर बेकरीतला बन आणि केक, वर होळगे, म्हणजे पुरणाची पोळी. "खा गं माझी बाय, अण्णांना कशाला सांगायचं?" संध्याकाळी अण्णा घरी आले की दोरीच्या दोनशे उड्या, एक कमी नाही. बाहेर रंजिता आणि गल्लीतल्या पोरी लगोरी मांडून हाका मारत, "भव्या, बा गं, ये ना!" भव्या खिडकीकडे बघे. अण्णा म्हणत, "खेळ नंतर. आधी व्यायाम."

लगोरीत ती तासभर घाम गाळत धावायची, हे त्या माणसाच्या लक्षातच आलं नाही. त्याची मोजणी नव्हती ना कुठे.

मी माणसांना तळव्यांवरून ओळखतो. भव्याचे तळवे पहिल्या रविवारी गरम होते, मातीने माखलेले, आणि ती माझ्यावर खुशाल उडी मारून चढली होती. शेहेचाळीस. लाल ठिपका. दुसऱ्या रविवारीही शेहेचाळीस. अण्णा ओरडले नाहीत, नुसता पेनाचा आवाज आला. तिसऱ्या रविवारी तिने आधी एक पाय ठेवला, मग दुसरा, आणि खाली बघायचं टाळलं. अण्णा स्वतः कधी माझ्यावर चढले नाहीत, अनुसूयाबाईही नाहीत. तपासायचा माल एकच होता.

मग डिसेंबरात काटा उतरायला लागला. पंचेचाळीस, चव्वेचाळीस, साडेबेचाळीस. निळ्या खुणांवर निळ्या खुणा. अण्णा खूश. "बघितलंस? शिस्तीने सगळं होतं." अनुसूयाबाईंनी गुपचूप तुपाचा हात आणखी सैल सोडला. डबा रिकामा येत होता, त्यामुळे त्यांना काळजी वाटली नाही. तो डबा फाटकाबाहेरच्या गाईपुढे रिकामा होत होता. मला ते कसं कळलं? दुपारी घरात कुणी नसलं की भव्या माझ्यावर येऊन उभी राही आणि स्वतःशी बोले. "आज पण गाईला दिलं. आज पाणीसुद्धा एकदाच."

तिचे तळवे आता गार असत. बोटं माझ्या रबराला घट्ट धरत, तोल जाऊ नये म्हणून. मला ते कळत होतं, अगदी स्पष्ट कळत होतं. पण मला सांगता काय येत होतं? एक आकडा. त्या आकड्यावर बाप हसत होता. आणि खरं सांगू? एकेचाळीस दाखवताना मलाही आतून बरं वाटायचं, आपण किती बरोबर दाखवतो म्हणून. त्या वाटण्याची मला आजही लाज वाटते.

तुलाभाराच्या आधीचा शनिवार उजाडला. दुसऱ्या दिवशीचं वजन शेवटचं, आणि अजून एक किलो बाकी होता. अण्णा गुळाच्या ढेपा सांगायला बाजारात गेले होते. अनुसूयाबाई स्वयंपाकघरात अवऱ्याच्या शेंगा सोलत होत्या, चुलीवर कुकर चढवलेला होता. भव्या अर्ध्या दिवसाच्या शाळेतून आली ती थेट माझ्याकडे.

ती चढली. एकेचाळीस. उतरली, हातातल्या बांगड्या काढल्या, पुन्हा चढली. एकेचाळीसच. वेणीची रिबीन सोडली. पुन्हा चढली. माझ्या कडेला एक छोटं चाक असतं, शून्य जुळवायचं. तिने वाकून ते फिरवलं आणि काटा चाळीसवर आला. ती बराच वेळ त्या चाळीसकडे बघत राहिली. मी मनात म्हणत होतो, राहू दे असंच, पोरी, मी खोटं बोलतो, बोलू दे मला! पण बापाचीच लेक ती. तिने चाक परत जागेवर आणलं आणि म्हणाली, "चीटिंग नको."

सातव्यांदा ती चढली तेव्हा काटा थरथरायला लागला. तिचे पाय थरथरत होते. मग एकदम सगळं वजन गेलं. काटा शून्यावर आपटला, आणि पुढच्या क्षणी तिचं कोपर माझ्या काचेवर आदळलं. काच तडकली. ती बाजूला फरशीवर पडली होती आणि तिचा एक हात माझ्यावर राहिला होता.

दोन किलो. त्या हाताचं वजन.

कुकरची शिट्टी झाली. स्वयंपाकघरात अनुसूयाबाई रेडिओबरोबर गुणगुणत होत्या. हात हलत नव्हता. मी काट्याकडे जीव लावून बसलो होतो. पावशेर जरी हलला असता तरी मला कळलं असतं. दुसरी शिट्टी झाली. ती बाई तिसऱ्या शिट्टीशिवाय उठत नाही, हे मला ठाऊक होतं. गाय फाटकाशी येऊन हंबरली. रोजच्या वेळेला आली होती ती, डब्यासाठी. मी आयुष्यात पहिल्यांदा आकड्याशिवाय काहीतरी बोलायचा प्रयत्न केला आणि माझ्या पोटातली एक स्प्रिंगसुद्धा वाजली नाही.

तिसरी शिट्टी. पावलं. "भव्या, हातपाय धुतलेस का गं?" आणि मग ती किंकाळी.

ती ऐकून रंजिता धावली आणि दोन घरं पलीकडच्या डॉक्टर शरच्चंद्रांना घेऊन आली. त्यांनी पोरीला उचलून पलंगावर ठेवलं. तिचा हात माझ्यावरून गेला, पण काचेचा तुकडा काट्यावर रुतला होता. काटा दोनवरच राहिला. साखरपाण्याचे चमचे पाजल्यावर कितीतरी वेळाने भव्याने डोळे उघडले. तोवर अण्णा दारात येऊन पोचले होते, हातात नमुन्याची गुळाची छोटी ढेप.

डॉक्टर मऊ आवाजात विचारत होते, "आज काय खाल्लंस, मरी, बाळा?"

"काही नाही."

"आणि काल?"

भव्याने आईकडे बघितलं, मग अण्णांकडे. "काल पण स्वल्पच. उद्या रविवार ना, अण्णा."

डॉक्टरांनी शाळेचं कार्ड मागितलं. अण्णा भिंतीपाशी गेले आणि तक्ता वर उचलला. त्याच्याखाली झाकलं गेलेलं कार्ड त्यांनी बहुधा तीन महिन्यांत पहिल्यांदाच पूर्ण वाचलं. ते मोठ्याने वाचायला लागले. मुलीला रोज तासभर मनसोक्त खेळू द्यावे. घरात सर्वांनी एकच साधे जेवण एकत्र घ्यावे. तिच्यासमोर वजनाचा विषय काढू नये.

"मी वरची ओळच वाचली," अण्णा म्हणाले.

"तुमचं वजन किती, दयानंदराव?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझं? मी कधी बघितलं नाही."

अनुसूयाबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, ते कमी करत होते आणि मी वाढवत होते. दोघांनी मिळून पोर खाल्ली आम्ही." आणि त्या तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. मी तिथेच फरशीवर होतो. तिसरा मीही होतो.

तक्ता त्याच दिवशी चुलीत गेला, मी पलंगाखाली. तिथून मला फक्त पाय दिसतात, पण पाय पुष्कळ सांगतात. जेवायला आता सहा पाय एकाच वेळी पाटांशी येत. रागीचे गोळे, पालेभाजीचं सार, काकडीची कोसंबरी, तिघांनाही तेच. पहिल्या आठवड्यात अण्णा ताटावर कुरकुरले. भव्या म्हणाली, "साकु, पुरे म्हणायचं असेल तर म्हणा, अण्णा, पण चाखून म्हणा." केक महिन्यातून एकदा आणायचा ठरलं, तोही सगळ्यांनी बसून, दार न लावता. संध्याकाळी लगोरीच्या हाका आल्या की दोन पाय धावत बाहेर जात, आणि काही दिवसांनी त्यांच्यामागून चप्पल घातलेले दोन मोठे, अवघडलेले पायही जाऊ लागले. पहिल्या दिवशी अण्णा परत आले तेव्हा केवढ्या धापा टाकत होते!

तुलाभारही झाला, महिनाभर उशिराने. देवळातून आल्यावर भव्याने विचारलं, "आई, किती भरलं गं माझं?"

"कुणी मोजलंय?" अनुसूयाबाई म्हणाल्या. "तुझं पारडं आणि गुळाचं पारडं एका रेषेत आलं, तेवढंच बघितलं आम्ही. मग सगळा गूळ वाटून टाकला."

पलंगाखाली मी ते ऐकलं आणि कितीतरी दिवस त्यावर विचार करत राहिलो. तोलण्याची अशीही एक रीत असते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता नव्याण्णव साल चालू आहे. भंगारवाला फाटकाशी आलाय. अण्णांनी मला उचललं, अंगठ्याने काचेवरची धूळ पुसली, आणि त्यांचा अंगठा दोनच्या आकड्यावर थांबला. त्या दिवशी मला पलंगाखाली सरकवताना त्यांनीच तो काटा बघितला होता, आणि लेकीचा हात माझ्यावर पडून होता हे अनुसूयाबाईंनी त्यांना सांगितलं होतं. तेवढ्यात सोळा वर्षांची भव्या मैदानावरून आली. खो-खोचा सराव असतो तिचा रोज. "अय्यो, हा अजून आहे घरात?" म्हणत तिने मला खाली ठेवायला लावलं आणि खुशाल उडी मारून चढली.

गरम तळवे. मातीने माखलेले. चांगलं भरभक्कम वजन, पण किती ते मला सांगता येणार नाही.

"अण्णा, दोन किलो!" ती खदखदून हसली. "बोला, पास की नापास?"

त्या दोन किलोंचा अर्थ तिला माहीत नाही. अण्णांना आहे. ते मान वळवून म्हणाले, "पास गं, बाळा. तू नेहमीच पास होतीस." ती हसत हात धुवायला आत पळाली. जेवायची वेळ झाली होती.

चला, मी निघतो. भंगारवाल्याने मला पोत्यात घातलं आहे. आता मला वितळवतील, माझं लोखंड कुठेतरी कामी येईल. कढई करा, फाटकाचा कोयंडा करा, माझी तक्रार नाही. पण पुन्हा काटाच करायचा असेल तर मला दोन पारड्यांचा तराजू करा. त्याच्यावर आकडे नसतात. आणि एका पारड्यात पोराला बसवलं, की दुसऱ्यात स्वतःचं काहीतरी ठेवावं लागतं.