भिंतीचं रक्त आणि चुन्याची डबी

"दार लावा वो! बाळंतिणीले वारं लागंल. फट बी ठेवू नका!"

कितीतरी वर्षांपूर्वीचा तो सासूचा आवाज. मैनाबाईला तो अजून ऐकू यायचा. आता विझला असं वाटावं आणि फुंकर पडताच निखारा लाल व्हावा, तसा. आज भिलाईच्या पोलाद कारखान्यानं दिलेल्या तिच्या क्वार्टरमध्ये एक परका माणूस तेच शब्द बोलत होता.

"खिडकी बुजवा! फट ठेवू नका!"

हे गृहनाथ महाराज. अंगावर भगवी कफनी, मनगटावर चकचकीत घड्याळ. सेक्टरातल्या निम्म्या बायका मैनाबाईच्या स्वयंपाकघरात कोंबल्या होत्या, उरलेल्या दारात एकमेकींच्या खांद्यांवरून माना काढत होत्या. महाराजांनी कमंडलूतल्या पिवळ्या तीर्थात हात बुडवला आणि पांढऱ्याशुभ्र भिंतीवर थाडकन पंजा मारला.

पंजा लाल झाला. लाल ओघळ भिंतीवरून खाली उतरले.

"अगं माय वो!" गयाबाई किंचाळली. "रगत!"

"रक्तच!" महाराज गरजले. "हा कारखाना उभा करायला गावं उठवली. गावं गेली, गावचे देव गेले कुठे? ते या फरशीखाली दबून राहिले. रशियाचा साहेब लोखंड वितळवेल, पण धरतीला विचारेल का, की बाई, तुझ्या पोटात काय हाय?"

मग त्यांनी लिंबू कापून भिंतीवर पिळलं. लाल पंजा बघता बघता पुन्हा पिवळा पडला. बायकांनी हात जोडले.

"आता शांत झालं. पण परत येईल. पलंग पूर्वेला घ्या, आरसा उत्तरेला लावा, बाळंतिणीची खाट शेगडीजवळ ओढा. अन् ही खिडकी दक्षिणेची. यमाची वाट! माझ्या मंतरलेल्या विटांनी आजच बुजवा. नाहीतर या घरातलं पोर राहत नाही."

तिथंच कोपऱ्यातल्या खाटेवर मैनाबाईची सून रुक्मा होती, कुशीत बारसंही न झालेलं लेकरू. तिनं पदराखाली त्याला असं दाबलं की ते रडायला लागलं.

मंतरलेल्या विटा कुरुदकडच्या भट्टीतून बैलगाडीनं येताना साऱ्या सेक्टरानं पाहिल्या होत्या. तरी त्या विटांच्या मोबदल्यात घरोघरची पितळेची भांडी महाराजांच्या गाडीत चढत होती, आणि घरोघरच्या खिडक्या आंधळ्या होत होत्या. शेजारच्या भैयालालची खिडकी कालच बुजली. आज त्याची बायको डोकं धरून ओट्यावर बसली होती, दोनदा उलटी झाली होती. महाराज म्हणाले, दोष बाहेर पडतो आहे.

मैनाबाईचा मुलगा चंपत ब्लास्ट फर्नेसवरून पाळी संपवून आला होता. त्यानं बाह्या वर केल्या आणि वीट उचलली.

"चंपत, थांब ना रे," मैनाबाई म्हणाली.

"कावून थांबू, माय? पोराच्या जिवापेक्षा तुले खिडकी मोठी झाली का?"

ही खिडकी तिची लाडकी होती. भंडाऱ्याकडच्या गावात तिच्या घराला झरोकासुद्धा नव्हता. इथं आल्यावर जातं फिरवताना तिनं या खिडकीसाठीच एक ओवी रचली होती:

घर दिलं सरकारनं, ठेवा खिडकी वाऱ्याले,
माहेरचा तो पाहुणा, येऊ द्या गं भेटायाले.

पण भरल्या घरात, मुलाच्या तोंडावर, नुसत्या ओवीच्या जोरावर कसं बोलायचं?

"महाराज, एक विचारू?"

गर्दीतून प्रेमला पुढं आली. सेक्टरातल्या शाळेची मास्तरीण. तिच्या घरच्यांनी नागपूरला दीक्षा घेतली होती, घरात देव्हारा नव्हता.

"काल तुम्ही माझ्या भिंतीवर पंजा मारला. तो पिवळाच राहिला. कावून?"

"ज्या घरात देव मानत नाहीत, तिथं रक्तही लपून बसतं, बाई!"

लोक हसले. प्रेमलाही हसली. "सिंधुताईच्या घरी तर चार देव हायेत. तिचीबी भिंत पिवळीच राहिली. मी काल तुमच्या मागं मागं फिरली, महाराज. जिथं नुकता चुना मारला, तिथंच रक्त निघालं. ज्यांनी वरसभर हात लावला नाई, त्यांचे देव गुपचूप झोपलेले."

महाराजांनी कमंडलू उचलला. "चलो, आमाले टाइम नाही."

"टाइम तर तुमच्या मनगटावर हाय. दोन मिनिटं थांबा." प्रेमला मैनाबाईकडं वळली. "मावशी, तंबाखूची डबी द्या जरा."

मैनाबाईनं कनवटीची डबी काढून दिली. प्रेमलानं बोटाच्या टोकावर चुना घेऊन तळहातावर चोळला आणि तोच हात कमंडलूत बुडवून वर धरला.

तळहात लालभडक.

"बघा वो! माझ्या हाताखालीबी गाव दबलं काय?"

मग गयाबाईच हळूच म्हणाली, "अवं, हे तर हळद-चुना. आमची आजी असंच कुंकू करे."

"आपण साऱ्याच जाणतो," प्रेमला म्हणाली. "पूजेच्या ताटात ओळखतो. भिंतीवर दिसलं की भितो, म्हून ओळखत नाई. बारशासाठी मावशीनं परवाच चुना मारला ना?" तिनं हातावर लिंबू पिळलं. लाल गेलं, पिवळं परत आलं. "आंबट पडलं की चुन्याचा जोर जाते. झाली शांती! देव फुकटात झोपला."

महाराज दाराकडं सरकले, पण दारात बायका होत्या आणि बायकांना आता आपापली पातेली आठवली होती. "माही परात, मुडद्या!" कुणीतरी ओरडलं. घड्याळवाला हात कफनीत लपवत महाराज गाडीकडं धावले, त्यांच्या मागं आख्खा सेक्टर.

घरात सासू-सून, लेकरू, प्रेमला आणि चंपत एवढेच उरले. चंपतच्या हातात वीट तशीच होती.

"हळद असंल," तो पुटपुटला. "पण मास्तरीणबाई, बाळंतिणीची खिडकी लावाले काय हरकत? आपली रीतच हाय."

"भैयालालच्या बायकोची दशा पाहिली ना? बंद खोलीत शेगडीतल्या कोळशाचा विखारी वायू कोंडते. त्याले वास नाई, रंग नाई. दोषबिष काही नाई, दादा. तिले हवा पाहिजे."

"आमच्या गावात तर सारेच लावत. कोनाले काय झालं?"

मैनाबाईनं पुढं होऊन त्याच्या हातातली वीट घेतली आणि खाली ठेवली.

"झालं," ती म्हणाली. "तुह्या आधी मले पोरगी झाली होती."

रुक्मा उठून बसली.

"तुह्या आजीनं दार लावलं. फटीत चिंध्या कोंबल्या. शेगडी भरली. मी दाराशी निजली होती, पोरगी शेगडीकडं. सकाळी मले डोकं उचलवत नोतं. पोरगी उठलीच नाई. लोक म्हणाले, जखिणीनं नेली. मी पाहिलं होतं, चंपत. दाराच्या एका फटीतली चिंधी रातीच गळून पडली होती. मले तेवढी हवा भेटली. तिले नाई भेटली. मले तवाच समजलं. पण सासू होती, सारं गाव होतं. मी तोंड उघडलं नाई."

तिनं हात लांबवून खिडकीची कडी काढली. दोन्ही दारं भिंतीला लागेपर्यंत ढकलली. वारा आत आला, लेकराच्या कपाळावरचं जावळ हललं.

"जखीण-बिखीण कोनी नोती. विचारा, पारखा, मंग हात जोडा. शेगडी बाहेर ने, बाबू." मग रुक्माकडं वळून, हलक्या आवाजात, "तिचं बारसं झालं नोतं. पण मी मनात नाव ठेवलं होतं. आजवर कोनाले सांगितलं नाई. शेवंता."