पुलाखालची तीन मिनिटं

"वहिनी, हलू नकोस! श्वाससुद्धा हळू घे!" बगळी माझ्या कानाशी एवढ्या जोरात ओरडली की मीच पाण्यात पडणार होते.

पुलाखाली, नदीच्या काठाशी मी उकिडवी बसले होते. समोर पांढरं ताट, ताटात नदीचा गाळ, आणि माझ्या चिमट्याच्या टोकापाशी तीन शेपट्यांचा एक किडा. तांदळाच्या दाण्याएवढा. मग दुसरा दिसला. मग तिसरा. बगळीने माझा गालगुच्चा घेतला आणि तिच्या बोटांचा चिखल माझ्या गालावर आला.

बगळी ही माझी धाकटी नणंद. लांब मान, लांब पाय. हे नाव आमच्या ह्यांनी तिला ती शाळेत असतानाच ठेवलं होतं. पुढे दिवसभर पाण्यात उभं राहायची नोकरी धरून तिने ते खरं केलं. नद्या आणि पाणथळ जागा यांची तब्येत बघणं हे तिचं काम. चौतीस वर्षं तिने ते केलं. डॉक्टर नाडी बघतात, ही दगडाखालचे किडे बघायची. म्हणायची, "पाणी एखाद्या दिवशी सोंग करील गं. पण वर्षभर त्यात जो भाडेकरू राहिलाय ना, तो खरं काय ते सांगतो."

मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा फ्रिजमध्ये दुधाशेजारी डबक्याच्या बाटल्या असायच्या. एका दुपारी सासऱ्यांनी त्यातली एक तोंडाला लावली आणि "सरबत नासलंय" म्हणून खाली ठेवली. आम्ही सगळे घाबरून गेलो. बगळीने बाटली उजेडात धरली आणि विचारलं, "बाबा, नक्की किती प्यायलात? मला नोंद करायला हवी." सासऱ्यांना काही झालं नाही. त्यानंतर मात्र ते घरात पाण्याचा पेलासुद्धा हुंगून प्यायचे.

एका स्थळाच्या आईने विचारलं होतं, मुलगी नोकरीत नेमकं करते काय? सासूबाई म्हणाल्या, "नदीत उभी राहून लाथा झाडते." स्थळ गेलं, पण सासूबाई खोटं बोलल्या नव्हत्या. पाण्यात एक जाळी धरायची, प्रवाहाच्या वरच्या अंगाला उभं राहायचं आणि घड्याळ लावून तीन मिनिटं पायाने तळ ढवळायचा. दगडाखालचे जीव सुटतात आणि वाहत जाळीत येतात. जाळी ताटात उलटी करायची आणि एकेक जीव निवडायचा. घाणीतही जगणाऱ्या लाल अळ्यांना गुण कमी, तीन शेपट्यांच्या किड्यासारख्या, चांगल्या पाण्याशिवाय न जगणाऱ्यांना जास्त.

या निवडण्यापायीच मी तिच्या कामात शिरले. एकदा ती ताट घरी घेऊन आली आणि जेवणाच्या टेबलाशी बसून तासभर मान मोडत राहिली. तिने अकरा जीव काढले. मी शेजारी धान्य निवडत होते. माझं झाल्यावर मी तिचं ताट पुढ्यात ओढलं आणि आणखी सव्वीस काढले.

"वहिनी, उद्यापासून तू कामावर."

"मिळणार काय मला?"

"चिखल. आणि माझी संगत."

त्या घरात एवढं चांगलं बोलावणं मला दुसऱ्या कुणी केलं नव्हतं. मी गेले ती गेलेच.

तर पुलाखालचा तो पट्टा. वरच्या अंगाला कापड रंगवायचे कारखाने होते. पाणी सोमवारी निळं, मंगळवारी लाल. तिथे एकही किडा नव्हता. बगळी अकरा वर्षं त्या पट्ट्याच्या मागे लागली. कारखानदारांशी भांडली, मग त्यांच्याबरोबर बसून रंगाचं पाणी निवळायला टाक्या आखून दिल्या. काठच्या दलदलीत स्वतःच्या हाताने लव्हाळे लावले. ते पाणी गाळून नदीत सोडायचे. आता समिती बसणार होती. पट्टा 'मृत' ठरला तर त्यावर स्लॅब टाकून वरून रस्ता जाणार होता. 'आजारी' ठरला तर तो उघडा राहणार होता आणि दुरुस्तीचं काम पुढे चालणार होतं.

"साधी गोष्ट आहे," बगळी म्हणायची. "मेलेल्याला झाकतात, आजाऱ्याला औषध देतात."

आणि समितीच्या आदल्या दिवशी मला ते तीन किडे सापडले. घरी आल्यावर तिने गाणी म्हणत अहवाल लिहिला. मला वाटलं, जीव भांड्यात पडला.

सकाळी मी सामान आवरायला पिशवी उघडली. जाळी धुवायचा ब्रश हाताला लागला. कोरडा. कडक कोरडा. वापरला असता तर बंद पिशवीत तो रात्रीत वाळला नसता.

आदल्या दिवशी आम्ही आधी वर, डोंगराच्या पायथ्याशी गेलो होतो. तिथलं पाणी आरशासारखं, तिथे तीन शेपट्यांचे किडे ढिगाने. एका जागेवरून दुसऱ्या जागी जाताना जाळी ब्रशने घासून, धुऊन, उजेडात तपासून घ्यायची. ते काम माझं होतं. आणि मी बोलण्याच्या नादात ती तशीच गुंडाळून पिशवीत कोंबली होती. म्हणजे पुलाखालचे ते तीन पाहुणे वरून माझ्याच पिशवीत बसून आले होते.

मी ह्यांना सांगितलं. हे दाढी करता करता म्हणाले, "आहे तसं राहू दे. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

"अगं, अकरा वर्षं घातलीत तिने. तू एका ब्रशासाठी सगळं पाण्यात घालणार?"

बगळी ठेवणीतला पोशाख घालून, दारात एक पाय टेकून बुटाची नाडी बांधत होती. मी ब्रश तिच्यापुढे धरला. तिने ब्रशाच्या केसांवरून बोट फिरवलं आणि ती पायरीवर बसली.

"घासलीच नाहीस?"

"नाही."

मला वाटलं, आता ही माझ्याशी जन्मात बोलणार नाही. मग तिने अहवालातलं त्या तीन किड्यांचं पान ओढून काढलं, घडी घालून माझ्या हातात दिलं.

"ऊठ, चप्पल घाल. पिशवी घे. ताटंही घे."

"मी कशाला?"

"चोराने पोलिसाबरोबरच राहावं," ती म्हणाली, आणि तिच्या ओठाचा एक कोपरा किंचित हलला. तेवढ्यावर मी रस्ताभर चालले.

समितीत तिघे होते: गुडघेदुखीने बेजार झालेले अध्यक्ष, रस्त्याचा आराखडा काखेत घेऊन आलेले इंजिनिअर आणि लिहिणारी कारकून मुलगी. बगळीने उभं राहून सांगितलं की कालचा नमुना रद्द समजावा, जाळी धुतली नव्हती, चूक आमची आहे.

इंजिनिअर खूश झाले. "म्हणजे मृतच ना?"

"म्हणजे माहीत नाही," बगळी म्हणाली. "नदी इथून दहा मिनिटांवर आहे. चला, तुमच्यासमोर बघू."

"आम्ही? नदीवर?"

अध्यक्षांनी काठी घेतली. "चला हो. तीस वर्षं नदीवर सह्या करतोय, एकदा भेटून तरी येऊ."

अशी आमची वरात निघाली. पुलावरून जाणारे लोक थांबून बघायला लागले. इंजिनिअरांनी बाह्या सारल्या आणि जाळी स्वतः धुतली. एकदा नाही, पाच वेळा. मग उन्हात धरून तिचं भोक न् भोक तपासलं. "आता जे निघेल ते इथलंच," ते म्हणाले, "आणि निघणार काही नाही."

बगळी ठेवणीतल्या पोशाखासकट पाण्यात उतरली. इंजिनिअरांनी घड्याळ लावलं. तीन मिनिटं तिने तळ ढवळला. अध्यक्ष मध्येच पुटपुटले, "चांगल्या झाडतात हो लाथा."

ताट माझ्यापुढे आलं. लाल अळी. लाल अळी. एक गोगलगाय, तिला गुण बेताचेच. पुन्हा लाल अळी. कडेची वाळू मी चिमट्याने बाजूला लोटली. काही नाही. मान वर करून बगळीकडे बघायचा मला धीर होईना.

"अहो बाई," इंजिनिअर माझ्या खांद्यावरून वाकले होते. "ती वाळू चालतेय का हो?"

मी बघितलं. बाजूला लोटलेल्या वाळूतली एक बारीक नळी, वाळूच्याच कणांची बनलेली, ताटाच्या कडेने सरकत होती. पुढच्या टोकातून काळं डोकं आणि सहा पाय बाहेर आले होते. अंगाभोवती वाळूचा अंगरखा शिवून राहणारी अळी होती ती. घाण पाण्यात टिकत नाही. अकरा वर्षांत तिथे कधी दिसली नव्हती.

"हिला गुण किती?" इंजिनिअरांनी विचारलं.

बगळीने सांगितलं.

"एकावर काही सिद्ध होत नाही," ते म्हणाले. "पुन्हा करा. ताट इकडे द्या, मी बघतो." ते मांडी घालून चिखलातच बसले. दुसऱ्या खेपेला त्यांना दोन सापडल्या आणि तिसरीला आणखी दोन. पाचवी सापडली तेव्हा हे गृहस्थ "आहे! आहे!" म्हणून असे ओरडले की पुलावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी शेजारी ठेवलेल्या आराखड्याकडे बघितलं आणि जरा ओशाळले.

कारकून मुलीने फायलीतल्या 'मृत' या शब्दावर रेघ मारली आणि वर लिहिलं, 'आजारी'. आजारी या शब्दाचा इतका आनंद झालेली माणसं मी दुसरीकडे कुठे पाहिली नाहीत. अध्यक्षांनी काठीवर फाईल टेकवून तिथेच सही केली. "तपासणाऱ्या बाईंचीही सही घ्या," ते म्हणाले, "आणि निवडणाऱ्या बाईंचीही." माझं नाव कुठल्याही सरकारी कागदावर कामासाठी लिहिलं गेलं ते त्या एकाच वेळी.

"झालं ना? निघू या का?" इंजिनिअर म्हणाले.

"पाहुण्यांना घरी सोडून येते," बगळी म्हणाली आणि ताट घेऊन पुन्हा पाण्यात शिरली.

एकेकीला तिने दगडापाशी सोडलं. चार लगेच चिकटल्या. पाचवी, म्हणजे सगळ्यात आधी सापडलेली, घाबरून नळीत शिरली होती आणि प्रवाह तिला लोटू लागला होता. बगळी वाकली आणि प्रवाहाच्या वरच्या बाजूने तिने दोन्ही तळवे पाण्यात धरले, वाऱ्यात दिव्याला धरतात तसे. तिचे कपडे कमरेपर्यंत भिजले होते. काठावर आम्ही चौघे उभे होतो. अध्यक्षांनी घरी जायची घाई केली नाही.

"निघालं का डोकं बाहेर?" इंजिनिअरांनी हळूच विचारलं.

"थांबा," बगळी म्हणाली. तिने हात काढले नाहीत.