एकशेविसावी प्रश्नावली

सुचिताच्या प्रबंधाचं नाव चांगलं तीन ओळींचं होतं. साध्या भाषेत त्याचा अर्थ एवढाच, की बाप गेल्यावर बुलढाणा जिल्ह्यातल्या बहिणी जमिनीतला आपला हिस्सा भावाला का लिहून देतात. चिखलीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचं, उरलेल्या वेळात गावं पालथी घालायची आणि महिन्यातून एकदा विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागात जाऊन गाईडच्या दाराबाहेर ताटकळायचं, असं तिचं चार वर्षं चाललं होतं. एकशेवीस बाया, प्रत्येकीची एक प्रश्नावली. चौदावा प्रश्न कळीचा: हक्कसोडपत्रावर सही करताना तुमच्यावर दबाव होता का? पुढे होय आणि नाही, अशा दोन चौकटी.

बायांनी 'नाही' सांगून सांगून तिला वात आणला होता. डोळे भरून यायचे, पदर तोंडाला लागायचा, आणि उत्तर मात्र 'नाही'. सुचिताला त्यांचा रागच यायचा. भावाची इतकी कसली भीती, म्हणायची.

देऊळघाटच्या गीताबाई तेवढ्या वेगळ्या निघाल्या. वांगी तोडता तोडता म्हणाल्या, "दबाव कसा असते बाई? भावानं बलावलं. पुरनाचं जेवू घातलं, नवं लुगडं नेसवलं अन् गाडीत बसवून हाफिसात नेलं. म्या अंगठा देल्ला." हातातलं वांगं टोपलीत टाकलं. मग हळूच म्हणाल्या, "होय लिही. एकदाचं लिहूनच टाक."

एकशेविसात तो एकच 'होय'. त्यानंतर सुचिताने आधीच्या बायांना लुगड्याचं विचारलं, तर ते घरोघरी निघालं. कुठे सहीच्या आदल्या दिवशी, कुठे त्याच सकाळी. तिने त्याला नाव दिलं, 'सहीची साडी'. विभागाच्या चर्चासत्रात तिने ते मांडलं तेव्हा गाईड गजेंद्र सरांनी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. चार दिवस तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

पाचव्या दिवशी गीताबाईंचा फोन. "माहा कागद फाडून टाक बाई. भावाले कोनं तरी सांगतलं. राखीले उंबऱ्यात पाय ठेवू नको म्हनते."

नाव कुठेच छापणार नाही, असं सुचिताने परोपरीने सांगितलं. पण कागद गीताबाईंचा होता. तिने तो फाडला.

"आराखड्यात एकशेवीस लिहिलंय, तर एकशेवीसच हवेत," गजेंद्र सर म्हणाले. "कुणाचीही एक भरून आणा. महिनाअखेर प्रबंध जाऊ द्या."

त्याच आठवड्यात माहेराहून, बीबीहून, तिच्या धाकट्या भावाचा, गोकुळचा फोन आला. "ताई, रविवारी मुक्कामानंच ये. आई पुरनाचं करून राह्यली."

त्यांचे वडील कडूबा जाऊन दीड वर्ष झालं होतं. रविवारी पुरण म्हणजे सोमवारी कचेरी, हे सुचिताला फोन ठेवायच्या आत कळलं. तिचं अंग पेटलं. जमीन नको होती असं मुळीच नाही. तिला ती हवी होती. विहिरीजवळच्या लिंबाखाली बसून बापाने कितीदा म्हटलं होतं, "इथून पुढचं सुचीचं." आणि एकशेवीस बायांना प्रश्न विचारणारीनेच गप्प बसायचं? सही करायची नाही, असं मनाशी पक्कं करूनच ती गेली.

सोमवारी सकाळी खाटेवर साडी होती. जांभळी, काठाची, घडी न मोडलेली.

"गोकुळ, मी सही करणार नाही."

"नको करू," तो शांतपणे म्हणाला. "मी काय जबरदस्ती करून राह्यलो काय? गाडी बाहेर उभी हाये, तेवढं सांगतो." आणि चहाचा कप तसाच टाकून निघून गेला.

मग आई आली. अन्नपूर्णाबाई लेकीजवळ बसल्या नाहीत, दारातच उभ्या राहिल्या. "तू बोलशील अन् चिखलीले जाशील. मले इथंच राहनं हाये. कालपासून सून माह्यासंग बोलली नाही. सांजच्याले ताटात भाकर पडन का नाही, थे तुह्या हातात हाये."

सुचिताने साडी नेसली. निऱ्या आईनेच नीट केल्या.

लोणारच्या कचेरीत बाबूने मान वर न करता विचारलं, "राजीखुशीनं?" ती म्हणाली, "हो." बाहेर आल्यावर गोकुळने उसाचा रस पाजला. "दिवाळीले मुलाईले घेऊन ये ताई," म्हणाला. त्याच्या बोलण्यात खोटेपणा नव्हता, याचीच तिला जास्त चीड आली.

परतीच्या एसटीत तिने पिशवीतून कोरी प्रश्नावली काढली. विवाहित, माहेर ग्रामीण, वडील हयात नाहीत, हक्क सोडलेला. सगळ्या अटींत बसणारी बाई याच सीटवर होती. वय अडतीस. शिक्षण एम.ए. साडी मिळाली का? मिळाली. तिने भराभर भरत नेलं.

चौदाव्या प्रश्नावर पेन थांबलं.

उत्तर तिला पाठ होतं. शेजारी कोणी ओळखीचं नव्हतं, गोकुळ मागे राहिला होता. 'होय' लिहायला कोणाची हरकत नव्हती. पण हा कागद गजेंद्र सर वाचणार. एम.ए., माहेर बीबी, एवढ्यावरून ते ओळखणार, आणि ज्या विभागात टाळ्या पडल्या त्याच विभागात चहा पिताना लोक म्हणणार, सहीची साडी शोधणारी बाई तीच साडी नेसून आली. त्या विचारानेच तिचे कान तापले. तिने 'नाही'वर खूण केली. ठसठशीत केली.

आणि मग तिला त्या सगळ्या बाया आठवल्या, पदर तोंडाला लावलेल्या. त्या भावाला भ्यायल्या नव्हत्या. भाऊ तर तिथे नव्हताच. समोर पेन घेऊन बसलेल्या शिकलेल्या बाईची त्यांना लाज वाटली होती. चार वर्षं सुचिता दबाव शोधत हिंडली, आणि 'होय' म्हणायची चोरी तिच्याच समोर झाली होती.

मेहकरच्या स्टँडवर फोन वाजला.

"झाल्या का एकशेवीस?" गजेंद्र सर.

"झाल्या सर." तिने नव्या साडीचा मळलेला काठ मुठीत घट्ट धरला. "आता सगळ्यांचं उत्तर एकच आहे."