झटका कुठवर चढतो

ह्यांच्या छातीत पेसमेकर बसवला तेव्हाच डॉक्टरांनी बजावलं होतं, गॅरेज खुशाल चालवा, पण ठिणगीच्या वाटेला जाऊ नका. प्लगची तार हातात धरलीत तर यंत्राचा गोंधळ होईल, मग आमच्याही हातात काही राहणार नाही. ह्यांनी मान डोलावली. ह्यांचं मान डोलावणं मी लग्नापासून ओळखते, या कानाने ऐकायचं आणि त्या कानाने सोडून द्यायचं! म्हणून मीच गॅरेजात ठाण मांडलंय. हे लांब खुर्चीवर बसून सांगतात, पाना मी फिरवते.

त्या सकाळी पाववाला आपली जुनी मोटरसायकल ढकलत आला. गाडी गचके खात रस्त्यातच बंद पडली होती आणि मागे पाव तसेच बांधलेले. मी प्लग काढला, तारेला जोडून इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि पाववाल्याला किक मारायला लावली. ठिणगी आली, पण पिवळट, मरतुकडी. नवा प्लग लावला, ठिणगीसाठी उघडझाप करणारे पॉइंट घासले, त्यांची फट नीट बसवली. तरी तेच.

हे चुळबुळायला लागले. ठिणगी कशी आहे म्हणे. पिवळी, म्हटलं. किती पिवळी? आता पिवळीला मी काय तिखटमीठ लावू? ह्यांची जुनी खोड अशी, की ठिणगीच्या बाबतीत डोळ्यांवर भरवसाच नाही. तारेचं टोक बोटांत धरायचं, किक मारायला लावायची आणि झटका कुठवर चढतो त्यावरून बिघाड ओळखायचा. उभी हयात असे झटके खाण्यात गेली.

“हात लावल्याशिवाय नाही कळणार,” म्हणाले आणि उठले.

बसा म्हटलं, ऐकलं नाही. बाही वर सारत थेट गाडीपाशी आले. पाववाल्या बिचाऱ्याला काय ठाऊक, तो किकवर पाय ठेवून तयारच. मागे ओढावं तर माणूस माझ्या दुप्पट. हे वाकले तशी मी तार हिसकून घेतली आणि टोक बोटांत घट्ट धरलं.

“आधी मागे सरा.”

“अगं, सोड ती.”

“सरा म्हणते ना!”

हे सरले. मी पाववाल्याला खूण केली, त्याने किक मारली. आई गं! दात दातांवर आपटले, हात आपोआप झटकला गेला.

“कुठवर?” ह्यांचा आवाज भलताच बारीक झाला होता.

“मनगटापर्यंत. कोपर गाठलं नाही.”

मग ह्यांनी मला पॉइंटकडे बघायला सांगितलं. किक मारली की सगळा जाळ तिथेच तडतडत होता. पॉइंटवरचा जाळ आवरणारा कंडेन्सर गेलाय, हे लांबूनच म्हणाले. मी तो बदलला, प्लग चढवला आणि गाडी सुरू झाली. पाववाला घाईघाईत निघून गेला.

आता ह्यांना चांगलं फैलावर घ्यायचं म्हणून वळले, तर हे पांढरेफटक होऊन बसलेले. मी धावले. छातीत काही होतंय का, विचारलं. ह्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि माझा हात उलटासुलटा करून बघितला.

“तू तार धरलीस आणि माझा जीव नुसता घशाशी आला. पुन्हा असं करू नकोस.”

मला रडूच फुटलं.

“माझा रोज येतो,” मी म्हटलं. “तुम्ही खुर्चीतून उठलात की.”