सात बांधांची फळी

मी एक जुनी फळी आहे, मित्रांनो, आणि मला फक्त खाली जाता येते.

वर जायचे तर कोणाला तरी मला पाठीवर घ्यावे लागते. त्यामुळे माझ्या आयुष्यात जे काही घडले ते उतारावर घडले, आणि मी ते उतरता उतरताच सांगणार आहे. वाटेत सात बांध आहेत. बांध आला की मी उडते. मी उडाले की वाक्य तुटते. तुटलेला तुकडा पुढे कुठेतरी सापडेल. नाही सापडला तर तो महत्त्वाचा नव्हता असे समजा.

काळ्या समुद्रामागच्या डोंगरात आमचे गाव दोन तुकड्यांत आहे. वरच्या वस्तीत घरे आणि गोठे आहेत. खालच्या वस्तीत मशीद, पावाची भट्टी, चहाचे दुकान आणि शहराकडे जाणारी गाडी आहे. मध्ये मक्याची शेते पायऱ्यांसारखी उतरत जातात, आणि प्रत्येक पायरीला दगडी बांध आहे. बर्फ पडला की बांध दिसेनासे होतात, पण असतात. मग माणसे फळीवर उभी राहून खाली येतात. पाय बांधलेले नसतात. एका हातात माझ्या नाकाला बांधलेली दोरी, दुसऱ्या हातात मागे घासत येणारी काठी. एवढेच.

पहिल्या मोठ्या बर्फानंतर पहिली वाट एकच माणूस पाडतो. बांध कुठे उंच, कुठे खचलेला, हे त्याला पाठ असते. बाकीचे त्याच्या रेषेवरून उतरतात, लहान मुलेसुद्धा. मधले काही हिवाळे सोडले तर चाळीस वर्षे हे काम शाकिर करत होता, आणि त्याच्या पायाखाली मी होते.

आता एका हिवाळ्यातल्या पहिल्या वाटेच्या आदल्या संध्याकाळचे ऐका. गोठ्यात शाकिर माझ्या पोटाला मेण चोळत होता आणि त्याची बायको गुलिझार गाईचे दूध काढत होती.

"रस्त्यासाठी डोंगर कापलाय तो बघितलास?" तिने विचारले.

"बघितला. सगळ्यांबरोबरच गेलो होतो की."

"काय दिसलं?"

"खड्डा दिसला. दुसरं काय दिसणार?"

"शाकिर, तू खड्ड्याकडे पाठ करून उभा होतास."

मेणाचा हात थांबला.

"लोक म्हणत होते, केवढा खोल कापलाय, आणि तू रानाकडे तोंड करून मान हलवत होतास. मी तुला धरून वळवलं, तर म्हणालास, वारा लागतोय."

"कोणाला बोललीस?"

"बोलायचं असतं तर दोन हिवाळ्यांपूर्वीच बोलले असते. चहात साखरेऐवजी मीठ घातलंस तेव्हा."

"मी उद्या नाही उतरलो तर तो तरणा बिलाल पुढे होईल. त्याला बांध ठाऊक नाहीत. त्याच्या मागून पोरं जातील."

"आणि तू उतरलास तर तुझ्या मागून जातील. तो खड्डा अक्रोडाच्या झाडाच्या बरोबर खाली आहे, तुझ्या वाटेत. तुला वाटतंय तो अलीकडे आहे."

शाकिर पुन्हा मेण चोळू लागला. त्याला खरेच तसे वाटत होते.

"मग मीही येते," गुलिझार म्हणाली.

"फळीवर जागा कुठंय?"

"तीस वर्षांपूर्वी होती."

"तीस वर्षांपूर्वी तू एवढी नव्हतीस."

"आणि तुला दिसत होतं," ती म्हणाली आणि दुधाची बादली घेऊन गेली.

सकाळी सगळी वरची वस्ती उताराच्या डोक्यावर जमली होती. ऊन पडले होते. शाकिरने मला बर्फावर ठेवले आणि गुलिझार सरळ येऊन माझ्या पुढच्या भागावर उभी राहिली. दोरी तिने हातात घेतली.

आमच्याकडे हिवाळ्यात लग्न झाले तर नवरा नवरीला असेच खाली आणतो. ती पुढे दोरी धरून, तो मागे काठी धरून. त्यामुळे लोकांना जे वाटायचे तेच वाटले.

"शाकिरदादा, ही नवरी कुठून काढलीस?" बिलाल ओरडला.

"तुझ्या आईला विचार," गुलिझार म्हणाली. "तिनेच जमवलं होतं. तुझंही जमवेल, आधी नाक पूस."

"वहिनी, फळी मोडेल!"

"मोडली तर तुझ्या पाठीवर बसून जाईन."

लोक हसत होते. हसणाऱ्यांना दुसरे काही दिसत नाही, हे तिने बरोबर हेरले होते. शाकिर माझ्यावर चढला. त्याच्या तळव्यांना घाम होता. तो बुटांतून कळत नाही म्हणतात. मला कळतो.

निघालो.

मला शाकिरच्या वडिलांनी बनवले, हुर्शित उस्ता त्यांचे नाव, उस्ता म्हणजे कारागीर. बीच नावाच्या झाडाच्या लाकडाच्या पाच पट्ट्या, खाली दोन आडव्या, वर पाय सरकू नये म्हणून टायरचा तुकडा. नाक वळवण्यासाठी त्यांनी मला उकळत्या कढईच्या वाफेवर दोन दिवस धरले आणि तेव्हा ते मला म्हणाले की—

पहिला बांध.

—उतरलो, नीट उतरलो. पण दोघांचे गुडघे वेगवेगळ्या वेळी वाकले.

"गुडघे!" शाकिर मागून म्हणाला.

"माझे गुडघे कुठे आहेत ते मला माहितीय."

"माहिती असून काय उपयोग? वाकव की."

मित्रांनो, खडबडीत बर्फावर वेगात असताना माणूस ताठ झाला की संपला. खालचा प्रत्येक दगड मग थेट डोक्यापर्यंत जातो. गुडघे सैल असले की दगड गुडघ्यातच विरतो, आणि वरचे धड जणू दुसऱ्याच कुठल्यातरी सपाट जागी चाललेले असते. दोरीचेही तसेच. दोरी धरायची असते, तिला लटकायचे नसते. घाबरलेला माणूस मागे रेलतो आणि दोरी खेचतो. माझे नाक वर उठते. मग मी कुठे जावे हे ठरवणारे कोणी—

दुसरा बांध. हा खचलेला आहे. शाकिरला ते पाठ होते. त्याने काठी जराशी डावीकडे दाबली आणि आम्ही त्या खाचेतूनच गेलो. गुलिझारला खाच शेवटपर्यंत दिसली नव्हती. तिला डोळे होते, तरी.

"बघ," तो म्हणाला.

"बघते आहे. मीच बघते आहे."

सगळी वर्षे चांगली नव्हती. शाकिर इस्तंबूलला बांधकामावर गेला तेव्हा सहा हिवाळे मी कोंबड्यांच्या खुराड्याचे छप्पर होते. त्याबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखे फार नाही. पावसाने माझी एक पट्टी काळी पडली ती आजही तशीच आहे. तो परत आला, छप्पर उचकटले, मला उन्हात धरले आणि म्हणाला, "हिला काही झालेलं नाही." झाले होते. पण तो तसे म्हणाला.

तिसरा बांध.

इथे आम्ही पडलो होतो, लग्नाच्या दिवशी. गुलिझार घाबरून मागे रेलली, नाक उठले, मी आडवी झाले आणि नवरा-नवरी मक्याच्या शेतात. वऱ्हाडी सांगतात की ती उठली आणि म्हणाली, "तुझी फळी वाकडी आहे." मी वाकडी नव्हते. हे मी आज प्रथमच सांगते आहे.

या वेळी ती पुढे झुकली. बांध गेला आणि तिने मागे न बघता विचारले, "कसं?"

"फळी सरळ झालेली दिसते," शाकिर म्हणाला.

आता वेग आला. चौथा बांध उंच आहे. त्यावरून उडालो तेव्हा हुर्शित उस्ता वाफेवर मला काय म्हणाले होते ते आठवले. ते म्हणाले होते, नाक वर ठेव, पण फार नाही. बस्स. मला वाटले होते काहीतरी मोठे असेल.

आणि डोळ्यांचे सांगायचे राहिले. शाकिरचे डोळे गेले हे मला सगळ्यात आधी कळले. पूर्वी तो पायांनी मला सांगायचा. मग त्याचे पाय मला विचारू लागले. दगड लागला की अंगठा तिथेच थबकायचा, म्हणजे हा कोणता, तिसऱ्यानंतरचा की चौथ्यानंतरचा. काठी पूर्वी नुसती मागे घासत यायची. ती आता बर्फ चाचपायची. आणि खरे सांगते, त्या दोन वर्षांत तो आधीपेक्षा चांगला उतरला. पायाखालच्या खळग्यांकडे टक लावून बघण्याची सोयच नव्हती. अंग आपोआप सैल राहिले.

पण पायांना जुनी जमीनच ठाऊक असते.

पाचवा बांध.

पाचव्यानंतर वाट डावीकडे वळते, अक्रोडाच्या दिशेने. चाळीस वर्षे वळते आहे. बांध लागला आणि शाकिरचे सगळे वजन डावीकडे गेले. त्याने ते नेले नाही, ते गेले. पुढे झाडाखाली बर्फ अगदी गुळगुळीत होता. वाऱ्याने खड्ड्याच्या काठावर बर्फाचे छज्जे बांधले होते. छज्ज्याखाली काही नव्हते.

गुलिझारने दोरी उजवीकडे घेतली.

माझे नाक उजवीकडे, शेपूट डावीकडे. मी आडवी होऊ लागले. फळी वेगात आडवी झाली की तिची कड बर्फात रुतते, आणि मग माणसे फळीशिवायच पुढे जातात.

"डावीकडे!" शाकिर ओरडला. "अक्रोड डावीकडे आहे!"

"आहे. त्याच्याखाली काही नाही."

"माझे पाय सांगतायत—"

"शाकिर, पायांचं ऐकू नकोस. माझं ऐक."

ती ओरडून बोलली नाही. जेवायला ये म्हणावे तसे म्हणाली.

एक क्षण त्याचे वजन डावीकडेच होते. मी दोघांच्या मध्ये होते आणि मला मत नसते. मग त्याने काठी उचलली. मित्रांनो, आंधळ्या माणसाने उतारावर काठी उचलणे म्हणजे काय, हे तुम्हाला मी समजावू शकणार नाही. ती त्याने हवेतून उजव्या बाजूला नेली आणि टेकवली. गुडघे वाकले. या वेळी चारही गुडघे एकदम वाकले.

मी सरळ झाले. आम्ही खड्ड्याच्या काठाकाठाने उजवीकडच्या झऱ्याकडे गेलो, तिथे खड्डा उथळ होत संपतो. मागे छज्जा तुटून आत पडला. खालून त्याचा आवाज यायला वेळ लागला. शाकिरने तो ऐकला. झऱ्याजवळ कापलेली कड गुडघ्याएवढीच होती. "उडणार आहोत," गुलिझार म्हणाली, आणि उडालो.

सहावा, सातवा. त्यात काही घडले नाही.

खाली मशिदीजवळ थांबलो. वरून आमच्या रेषेवर एकेक फळी सुटत होती. पाचव्यानंतर प्रत्येक फळी उजवीकडे वळत होती, बिलाल, मग मुले, मग बिलालची बहीण. शाकिर वर तोंड करून उभा होता आणि आवाज मोजत होता.

"सगळे आले?"

"सगळे आले."

"किती खोल होता?"

"चार माणसं एकावर एक उभी राहतील एवढा."

त्याने माझ्यावरचा बर्फ हाताने पुसला. पुसून झाला तरी पुसत राहिला. मग म्हणाला, "बर्फ वितळला की शहरात जाऊ. डॉक्टरला दाखवू."

बिलाल धापा टाकत आला. "दादा, वाट बदललीस! पण झकास काढलीस. वहिनीला मध्येच उतरवायचा विचार होता काय?"

"विचार होता," शाकिर म्हणाला. "ती ऐकेल तर."

वसंतात त्याच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. घरी आल्यावर तो गोठ्यात आला, दारात थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला. काळी पट्टी, झिजलेला टायर, दोन ठिकाणी किडीची भोके.

"अरे, ही फळी एवढी म्हातारी कधी झाली?"

"माझ्याबरोबरच," मागून गुलिझार म्हणाली. "आता इकडे वळ. एकदाच काय ते बघून घे."

तो वळला. बराच वेळ बघत होता. काय म्हणाला ते मला ऐकू आले नाही, कारण तेवढ्यात गाय ओरडली.

पुढच्या हिवाळ्यात तो एकटा उतरला आणि दुसऱ्या बांधाच्या आत तीनदा पडला. प्रत्येक खळगा दिसत होता ना, म्हणून प्रत्येक खळग्याकडे बघत होता. तिसऱ्यांदा तो उठला, मला पाठीवर टाकले, वरपर्यंत चढला आणि लोकांसमोर बायकोला म्हणाला, "चल." बिलालने शिट्टी मारली. तेव्हापासून पहिली वाट ती दोघे मिळून पाडतात. गावाला वाटते, म्हातारपणीची गंमत आहे. तुम्ही आमच्या गावात येणार नाही, म्हणून तुम्हाला खरे सांगितले.

आता एवढेच मागते. माझ्यासारखी एखादी तुमच्याकडे असेल तर तिला सावलीत वाळवा, नाक वर करून ठेवा, पोटाला मेण लावा. पट्टे ठोकून तिच्यावर कोणाचे पाय बांधू नका. पडताना पाय सुटावे लागतात. आणि चढताना तिला बर्फातून फरफटत नेऊ नका. पाठीवर घ्या. वर तुम्ही न्या, मित्रांनो. खाली नेण्याचे माझ्याकडे.