बंडीएवढी नाव

देवीदास मुंबईच्या गोदीत सुतार होता. रिटायर होऊन सौंसर तालुक्यातल्या आपल्या गावी परतला, तेव्हा गाव आणि सडक यांच्या मधे नव्या धरणाचं पाणी पसरलं होतं. सौंसरची बस पल्याडच्या काठावरून जायची आणि पावसाळ्यात नाले भरले की काठाकाठानं जायची वाटही बुडायची. देवीदासनं शिडाची नाव बांधायचं मनावर घेतलं.

अंगणात त्यानं राखेनं नावेचा आकार आखला. लेक प्रतिभा त्या रेषांच्या आत जाऊन बसली आणि हसायला लागली. "बाबा, एवढी काहाले? आपण तिघं तर आहो. दमणीएवढी करा ना."

दमणी म्हणजे दोघातिघांची हलकी बैलगाडी. देवीदासनं आखली होती ती मालाच्या बंडीपेक्षाही मोठी.

"पोरगी बरोबर सांगून राहिली," त्याची बायको शकुंतला म्हणाली. "अडीअडचणीले तुमाले एकट्याले वल्हवता आली पायजे."

त्याला हे कळत नव्हतं असं नाही. गोदीत उभा जन्म गेला होता त्याचा. पण डोक्यात निराळंच होतं. त्याचा बाप मोतीराम जन्मभर सौंसरच्या बाजाराला पायी गेला. गावातली बंडी रिकामी असली तरी त्याच्यासाठी थांबायची नाही. कारण सगळ्यांना ठाऊक होतं, कोणी ते बोलून दाखवायची गरज नव्हती.

"माह्या बापाले त्यायनं बंडीत नाही बसवलं," देवीदास म्हणाला. "मी अख्ख्या गावाले नावेत बसवतो."

आता यात त्याचं काय चुकलं, हे ज्यानं तसं पायी चालून पाहिलं असेल त्यानंच सांगावं.

नाव सागवानी झाली, भारदस्त झाली. पावसाळी वारा पश्चिमेचा. सडकेकडे जाताना तो तोंडावर यायचा, तेव्हा शीड गुंडाळून चौघांनी चार वल्ही मारायची. येताना शीड उघडलं की एकटा देवीदासही ती घरी आणायचा. पहिल्याच दिवशी केशवराव पाटील सरकून म्हणाले, "ये देवीदास, इथं बस." त्या दिवशी आनंदानं त्याला जेवण गेलं नाही.

दोन वर्षांनी प्रतिभा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, ऐन पोळ्याच्या आधी.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमार, दोन गावांनी एकमेकांवर दगड मारायची जत्रा. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, आणि मधे दगडांचा पाऊस. गावात चालता येणारा एकही पुरुष त्या दिवशी घरी राहत नसे. सकाळी त्यांनीच वल्ही मारली. संध्याकाळी वारा पडला की एकट्यालाही नाव नेता येई, तेव्हा न्यायला येतो असं सांगून देवीदासनं त्यांना पल्याड सोडलं आणि प्रतिभासाठी शीड उघडून तो एकटा परत आला. मजेत आला, बिचारा.

दुपारी प्रतिभाला कळा सुरू झाल्या. सुईण मनकर्णाबाईनं हात लावला आणि तिचा चेहराच उतरला. "पोर आडवं आहे. सौंसरच्या दवाखान्यात न्या, आत्ताच."

बायकांनी प्रतिभाला बाजेसकट नावेत ठेवलं. देवीदासनं एक वल्हं घेतलं, शकुंतलेनं दुसरं, उरलेली दोन शेजारणींनी. एकीनंही कधी वल्हं धरलेलं नव्हतं. नाव जरा पुढं जायची, वारा तिचं तोंड फिरवायचा आणि पुन्हा घरच्याच काठाच्या चिखलात आणून टाकायचा. देवीदासचे तळवे सोलवटले. तो वाऱ्याला शिव्या देत होता, दगड खेळायला गेलेल्या गावाला देत होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःला. दमणीएवढी असती तर तो एकटा केव्हाच पार झाला असता.

"बाबा," प्रतिभा एकदाच म्हणाली, "तुमी थकून गेले."

दिवस कलता कलता ती गेली, पोर पोटातच राहिलं.

मग वारा पडला. पाणी परातीतल्यासारखं निवांत झालं. देवीदास नावेच्या काठाला डोकं टेकून बसून होता. त्याला रडू येत नव्हतं, आणि येत नाही याचीच त्याला भीती वाटत होती.

पल्याडून आरोळ्या आल्या. माणसं गोटमार पाहून परतली होती, रंगात होती. केशवरावांचा आवाज सगळ्यांत मोठा. "देवीदास! अरे, नाव आण ना बाप्पा! किती वेळचे उभे आहो!"

देवीदासनं हातातलं वल्हं फेकून दिलं. "सडू दे त्यायले तिथंच. मी नाही जात."

शकुंतलेनं चिखलातून वल्हं उचललं, पदरानं पुसलं आणि त्याच्या हातात दिलं.

"जा," ती म्हणाली. "घेऊन या त्यायले. पोरीले उचलाले चार माणसं लागतीन."