उद्याचे रुग्ण

थोरल्या सुनेने दिराच्या जनावरांच्या दवाखान्यासाठी प्रोग्रॅम लिहून दिला आणि तो तीन आठवडे बिनबोभाट चालला. चौथ्या सोमवारी सकाळी आठला सासरे दवाखान्यात हजर. इस्त्रीचा शर्ट, पोटात चहाचा थेंब नाही. दोन कुत्री आणि एक पोपट यांच्यामध्ये बाकावर बसलेले.

"बाबा, तुम्ही इथे कसे?" दिराने विचारलं.

"तूच बोलावलंस ना!" त्यांनी मोबाईल पुढे केला. "हा कालचा मेसेज बघ. रुग्ण म्हणून माझंच नाव-वय! 'उद्या रुग्णाला उपाशीपोटी आणावे. चावण्याची सवय असल्यास तोंडाला जाळी बांधावी.' जाळी काही मी बांधली नाही. पण बरं वाटलं रे, पोराला बापाच्या तब्येतीची आठवण झाली."

दिराला हसू आवरेना आणि खरं सांगवेना. त्याने वहिनीला फोन लावला.

तिने येऊन कोड उघडला आणि कपाळावर हात मारला. 'उद्याचे रुग्ण' या यादीत कोणत्या प्रकारच्या नोंदी राहणार, हे तिने घाईत लिहिलंच नव्हतं. दवाखान्यात नोंदणी केली की यादीत जनावर जाई. फोनवरून वेळ घ्यायची सोय तिने परवाच जोडली होती, तिथून मात्र मालक जाई. सासऱ्यांनी फोन केला होता मांजरीसाठी. नाव-वय दोघांनाही असतं, त्यामुळे प्रोग्रॅमने हूं की चूं केलं नाही.

यादी कोडमध्ये जिथे पहिल्यांदा येते, त्या ओळीतच तिने 'प्राणी' हा प्रकार स्पष्ट लिहिला. लगेच पडद्यावर एकतीस चुका लाल झाल्या.

"वहिनी, होतं तेही बिघडवलंत!"

"बिघडलेलं आधीच होतं, भाऊजी. आता निदान तोंड उघडून सांगतंय."

दीड तासात एकतीसच्या एकतीस निस्तरल्या. मालकांची यादी निराळी झाली. प्राण्यांत माणूस घुसवायला गेलं, तर प्रोग्रॅम आता तयारच होणार नव्हता.

"मग मी कुठल्या यादीत?" सासऱ्यांनी विचारलं.

"मालकांच्या, बाबा."

"म्हणजे तपासणी नाहीच?" त्यांचा चेहरा एवढासा झाला.

दीर ओशाळला. "चला, नाहीतरी उपाशी आहातच," म्हणत त्याने वडिलांना माणसांच्या डॉक्टरकडे नेलं. रक्तात साखर निघाली. गोड बंद, रोज तासभर चालणं सुरू.

सासरे धाकट्यावर बेहद्द खूश. अबोला धरला तो सुनेशी. तिसऱ्या दिवशी बिनसाखरेचा चहा ओठाला लावून तेवढं म्हणाले, "यादी दुरुस्त करायचीच होती, तर रविवारी करायचीस!"